वाढत्या वयाला विटाळ नसतो

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत संस्थेच्या उभारणीच्या आठवणी असतील, दात्यांचे ऋणनिर्देश असतील, माजी विद्यार्थ्यांच्या यशाचा आलेख असेल. ते सारे उचितच आहे. परंतु या वसतिगृहाच्या भिंतींनी वर्षानुवर्षे जे सर्वांत मोठे स्थित्यंतर पाहिले, त्याविषयी अशा अंकांतून सहसा कोणी लिहीत नाही. पाचवीत आईचा पदर धरून आलेले मूल दहावीनंतर येथून बाहेर पडते, तेव्हा ते शरीराने जवळजवळ प्रौढ झालेले असते. बालपणातून तारुण्यात जाण्याची ती वाट ते आईबापांच्या घरात नव्हे, आपल्या छपराखाली चालते. त्या वाटेवर आपण त्याच्या सोबत नीट चाललो काय, हा प्रश्न या निमित्ताने विचारावा असे आम्हांस वाटते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. शरीरशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयाकडे आम्हांस वळावे लागले, त्याला एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी सायंकाळच्या वंदनेच्या वेळी सातवीतील एक मुलगी विहाराच्या उंबरठ्याबाहेर, चपलांच्या रांगेशेजारी बसलेली दिसली. बाहेर का बसलीस, असे विचारता तिने मान खाली घातली. तिची मैत्रीण हलक्या आवाजात म्हणाली, “तिला कावळा शिवलाय.” आम्ही काहीच बोललो नाही. आत गेलो, वंदना झाली, मुले जेवायला गेली. पुढच्याच आठवड्यात वर्गात महाडचा धडा होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हे सांगताना ‘विटाळ’ हा शब्द तोंडातून आला. समोरच्या दुसऱ्या बाकावर तीच मुलगी बसली होती. तो तास आम्ही कसाबसा पुरा केला.

आमच्या स्पर्शाला चिकटविलेला आणि आमच्या मुलींच्या पाळीला चिकटविलेला शब्द मराठीत एकच आहे. पहिला आम्ही तळ्यावर जाऊन झुगारला. दुसरा मात्र आमच्याच विहाराच्या पायरीवर बसून राहिला होता, आणि आम्ही त्याच्या बाजूने निमूटपणे आत गेलो होतो. चोखोबांच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात देहाच्या विटाळाची कल्पनाच आपल्या अभंगातून प्रश्नांकित केली होती. सहाशे वर्षांनंतर, एम. ए. झालेल्या शिक्षकाला तो प्रश्न सुचू नये, याची लाज आम्हांस आजही वाटते.

त्यानंतर आम्ही आमच्या विज्ञान शिक्षकांजवळ आणि विद्यालयात तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांजवळ बसून हा विषय समजून घेतला. जे कळले ते पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना सांगावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

तारुण्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक लहानसा भाग असतो. बालपणभर तो या बाबतीत जवळजवळ निद्रिस्त असतो. ठरावीक वयात तो जागा होतो आणि प्रारंभी रात्रीच्या झोपेत, थांबून थांबून, एक संप्रेरक स्रवू लागतो. त्या संदेशाने त्याच्या खाली लोंबणारी, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आपली संप्रेरके रक्तात सोडते. ती मुलींच्या अंडाशयांपर्यंत आणि मुलांच्या वृषणांपर्यंत पोहोचतात. मग अंडाशयांतून इस्ट्रोजेन आणि वृषणांतून टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते. छातीची वाढ, नितंबांची रुंदी, मिसरूड, काखेतले केस, घोगरा आवाज, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, पाळी आणि झोपेतील वीर्यस्खलन ही सारी त्याच साखळीची पुढची कडी होत. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी शिकविले. या साखळीत पाप कोठेच नाही, विटाळ कोठेच नाही आणि कावळाही कोठे नाही.

उंचीचेही असेच. पीयूषिकेतून वाढीचे संप्रेरक स्रवते, ते मुख्यतः गाढ झोपेत. त्याच्या प्रभावाने यकृतात आणखी एक द्रव्य तयार होते आणि लांब हाडांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांत नव्या पेशींची भर पडते. त्या पेशींचे हाड बनते आणि मूल उंच होते. तारुण्यातील संप्रेरके या कामाला जोर देतात. वाढीच्या ऐन भरात मुलीची उंची वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर आणि मुलाची सुमारे ९ सेंटीमीटर वाढते. एप्रिलमध्ये घरी गेलेला मुलगा जूनमध्ये परत येतो तेव्हा त्याची विजार घोट्याच्या वर गेलेली असते, ती यामुळेच. आधी हातपाय वाढतात, धड मागून येते. म्हणून या वयातील मुले काही काळ बेढब दिसतात, ठेचकाळतात, हातातले ताट पाडतात. आम्ही त्यांना ‘वेंधळा’ म्हणून मोकळे होतो.

पुढे हेच इस्ट्रोजेन कूर्चेचे पट्टे मिटवून टाकते आणि उंची थांबते. मुलांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉनचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हेच काम करतो. मुलींमध्ये हा प्रवास मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी सुरू होतो. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि नववी-दहावीत मुले त्यांना मागे टाकतात. मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयांच्या दरम्यान केव्हाही सुरुवात झाली तरी ती स्वाभाविक मानतात. याचा अर्थ, एकाच बाकावरच्या दोन मुलांत चार-पाच वर्षांचे अंतर दिसले तरी दोघेही निरोगी असू शकतात. त्या वयापूर्वीच लक्षणे दिसली, किंवा त्या वयापर्यंत एकही लक्षण दिसले नाही, किंवा १५ वर्षे पुरी होऊनही पाळी आली नाही, तर मुलाला वा मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. अंगारा, धागा, नवस यांचे येथे काम नाही.

हे ज्ञान नसल्याने मुलांचे काय होते, ते वसतिगृहात राहणाऱ्यालाच ठाऊक. आवाज फुटू लागलेला मुलगा वंदनेत ओठ हलवितो, पण स्वर काढीत नाही, कारण काल कोणीतरी हसले असते. स्वरयंत्र मोठे होऊन स्वररज्जू लांब होत आहेत, काही महिन्यांत आवाज स्थिर होईल, एवढे एक वाक्य त्याला कोणी सांगितलेले नसते. एखाद्या मुलाच्या छातीत गाठ येते, दुखते. हे अनेक मुलांत घडते आणि बहुधा आपोआप ओसरते, पण तो महिनोन्महिने सर्वांसमोर अंघोळ टाळतो. एखाद्याला झोपेत वीर्यस्खलन होते आणि आपल्याला रोग झाला, आपली शक्ती गेली, या भयाने तो खंगतो. भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगविणारे वैदू याच अज्ञानावर जगतात. मुलींचे दुःख तर आणखी खोल, कारण त्यांच्या बाबतीत अज्ञानाच्या जोडीला समाजाचे नियमही येतात.

त्या नियमांचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात पहिली पाळी म्हणजे मुलगी संसाराला योग्य झाली, अशी समजूत दृढ होती. न्हाण आले की गर्भाधान, हा धर्मविधी मानला जाई. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची विवाहिता पतीच्या शरीरसंबंधाने मृत्यू पावली. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि संमतीचे वय १० वरून १२ वर आले. एवढ्याशा सुधारणेलाही धर्माच्या नावाने पुण्या-मुंबईत आणि बंगालमध्ये कडाडून विरोध झाला. त्याआधीच मुंबईत, बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी न पटलेल्या पतीकडे नांदायला जाण्यास न्यायालयात नकार दिला होता. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा अथवा तुरुंगात जा असे फर्माविले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. पुढे त्याच रखमाबाई इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या.

त्या काळी जे ठाऊक नव्हते ते आज ठाऊक आहे. पाळी ही वाढीच्या शेवटाची खूण नव्हे. उंचीच्या वेगाचा भर ओसरू लागतो तेव्हा पाळी येते, आणि त्यानंतरही मुलीची उंची साधारण ५ ते ७ सेंटीमीटर वाढते. कटीची हाडे तर त्यानंतरही काही वर्षे रुंदावत असतात. सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी अनियमित असते, कारण ती यंत्रणाच अजून बसायची असते. अशा अर्ध्या वाटेवरच्या शरीरावर गर्भारपण लादणे म्हणजे एकाच भाकरीत दोन वाढत्या जिवांना झगडायला लावणे होय.

हे आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झाल्याचे आढळले. आमचे कित्येक पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोयता जोडीने मोजला जातो, आणि ‘शहाणी झालेली’ मुलगी मागे कोणाजवळ ठेवायची, हा त्यांचा प्रश्न खरा असतो. त्या प्रश्नाला घाईचे लग्न हे उत्तर नव्हे. आपले वसतिगृह हे उत्तर असू शकते. म्हणून पालकांना आमची हात जोडून विनंती आहे. मुलीला पाळी आल्याचे कळले की तिला घेऊन जायला येऊ नका, तिला भेटायला या. तिच्यासाठी स्थळ आणू नका, शेंगदाण्याचे लाडू आणा.

खाण्याचा हा उल्लेख सहज केलेला नाही. संप्रेरके वाढीचा हुकूम देतात, पण वीट-चुना अन्नातूनच यावा लागतो. उपासमार झालेल्या शरीरात तारुण्यच उशिरा येते, कारण अंगात पुरेसा साठा आहे की नाही, याची खबरही मेंदूला रक्तातूनच मिळत असते. उंची झपाट्याने वाढत असताना रक्तही वाढावे लागते, त्यासाठी लोह हवे. मुलींमध्ये पाळीमुळे ते दरमहा आणखी खर्ची पडते. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि मुलांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. प्रार्थनेच्या रांगेत मुलगी चक्कर येऊन पडते, गणिताच्या तासाला पेंगते, तिला ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

येथे आम्हांस सुजातेची खीर आठवते. देहदंडाने ज्ञान मिळत नाही, हे ओळखून सिद्धार्थाने अन्न घेतले आणि मगच ते बोधिवृक्षाखाली बसले. धम्माच्या या पहिल्याच पायरीवर अन्न आहे. आपल्या भोजनगृहात वरणभाताबरोबर रोज उसळ, आठवड्यातून किमान तीन दिवस अंडे, नाचणी, गूळ-शेंगदाणे आणि पालेभाजी असावी. लोह अंगी लागावे म्हणून ताटात लिंबाची फोड असावी आणि जेवणाला लागून चहा नसावा. मीठ आयोडीनयुक्तच असावे, कारण कंठस्थ ग्रंथीचे संप्रेरक आयोडीनवाचून बनत नाही आणि त्यावाचून वाढ खुंटते. शासनाकडून येणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक गोळ्या कपाटात न राहता मुलांच्या पोटात जाव्यात. या साऱ्याला पैसा लागतो. माजी विद्यार्थ्यांनी मंगल कार्याच्या निमित्ताने कमानीसाठी देणगी द्यावी की वर्षभराच्या अंड्यांसाठी, याचा विचार त्यांनीच करावा.

दुसरी गोष्ट झोपेची. येथे आमचे मत काही सहकाऱ्यांना रुचणार नाही. आपल्याकडे रात्री दहाला दिवे मालवितात आणि पहाटे साडेचारला घंटा होते. म्हणजे झोप मिळते साडेसहा तास. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तासांची झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. शिवाय या वयात झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर निजा म्हटल्याने लवकर झोप येत नाही. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत स्रवते, हे वर आलेच आहे. म्हणजे आपली घंटा मुलाच्या वाढीच्या वेळेतूनच तास कापून घेते.

यावर बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला देण्यात येतो. जयंतीला आपण एक दिवस सलग १८ तास अभ्यास करून त्यांना वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु त्याच बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नोंदलेला आहे. परळच्या चाळीत एकच खोली होती. सुभेदार रामजी मुलाला संध्याकाळी लवकर निजवीत, स्वतः मध्यरात्र उलटेपर्यंत जागत, मग दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. त्या बापाने मुलाला उठविण्याआधी त्याला निजविले होते, हे आपण विसरतो. घंटा सकाळी सहाला व्हावी आणि वंदना साडेसहाला, अशी आमची संस्थेला नम्र सूचना आहे. वंदना उशिरा झाल्याने शील बिघडत नाही.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे बोलणे. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाला महिन्यातून एक तास या विषयाला मिळावा. तो पाळी येण्यापूर्वी, मिसरूड फुटण्यापूर्वी सुरू व्हावा. मुलींविषयी मुलांना आणि मुलांविषयी मुलींनाही सांगावे, कारण चेष्टा अज्ञानातून उपजते. उंची-वजन दर तीन महिन्यांनी एकांतात मोजावे, वर्गात मोठ्याने वाचू नये. मुलींच्या स्वच्छतागृहांत पॅड, पाणी, कडी असलेले दार आणि विल्हेवाटीची सोय असावी. आणि ‘उफाड्याची’, ‘किडमिडीत’, ‘बायकी’ ही विशेषणे शिक्षकांच्या तोंडी कधीही नसावीत. वाढत्या वयात काही मुलांना आपले शरीर, आपली ओढ इतरांहून वेगळी असल्याचे जाणवते. त्यांनाही हे वसतिगृह आपले वाटले पाहिजे.

असे उघडपणे शिकविले तर मुले बिघडतील, ही भीती नवी नाही. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत राबविण्यास महाराष्ट्रासह काही राज्यांनी याच भीतीने नकार दिला होता. त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ साली, र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि लैंगिक प्रश्नांवर निर्भयपणे लिहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बचावासाठी न्यायालयात कोण उभे राहिले, तर बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. या विषयाची शास्त्रीय चर्चा म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरला. ज्या प्रश्नासाठी बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले, त्या प्रश्नाचे नाव काढताच त्यांच्या नावाने चालणाऱ्या वर्गांत आजही आपण खडू खाली ठेवतो. तो खडू उचलणे हे आपल्यावरचे ऋण आहे.

शेवटी पुन्हा त्या मुलीविषयी. त्या तासानंतर काही दिवसांनी आम्ही तिला बोलावून तिची क्षमा मागितली. त्या संध्याकाळी आम्ही तुला आत बोलवायला हवे होते, एवढेच म्हणालो. तिने विचारले, “मग आता बसू का आत?” त्या दिवसापासून वंदनेला बाहेर कोणी बसल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पण तिने तो प्रश्न विचारावा लागला, हे आम्ही विसरलेलो नाही. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेक माजी विद्यार्थिनी त्याच पायरीवर कधीतरी बसल्या असतील. त्यांचीही आम्ही येथे क्षमा मागतो. त्यांच्या मुली या विद्यालयात येतील, तेव्हा विहाराचा उंबरठा त्यांना अडविणार नाही, असे वचन संस्थेच्या वतीने नाही, तरी एक शिक्षक म्हणून आम्ही देतो.

जय भीम. नमो बुद्धाय.